सोसणं आणि लपवणं



सहनशीलता हा आपल्या मार्गातला मोठा गुण मानतात, आणि तो आहेच. पण जे दुखणं आपण कुणाला सांगतच नाही, ते सोसणं म्हणायचं की लपवणं? इंदूरच्या आमच्या महाप्रसादाच्या सेवेत पन्नाशीपुढच्या बऱ्याच जणी आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींना सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. काहींचं तर वर्ष-वर्ष झालं, आणि घरी पत्ता नाही.

न सांगण्याचं कारण विरक्ती नाही, पैसा आहे. टाचदुखी विम्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आयुष्मान योजना 2018 साली आली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण देते, 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना लागू झाली. पण हे सगळं दवाखान्यात भरती झाल्यावर. साध्या मेडिक्लेमलाही बहुतेक वेळा 24 तासांची भरती लागते. टाचेसाठी कोण भरती करून घेणार? डॉक्टरांची फी, एक्स-रे, फिजिओथेरपी, सगळं खिशातून. मग मनात हिशेब होतो: यांची बीपीची गोळी आधी, मुलाच्या क्लासची फी आधी, आपला पाय नंतर. तो "नंतर" काही येत नाही.

यावर कुणी म्हणतं, देहभोग आहेत, भोगूनच संपवायचे. बरं. मग मुलाला ताप आला की आपण प्रारब्ध म्हणून बसून राहतो का? रात्री अकराला रिक्षा करून धावतो. प्रारब्ध फक्त आपल्याच टाचेला लावायचं, हा कुठला न्याय? गीतेच्या सतराव्या अध्यायात स्वतःला पीडा देऊन हट्टाने केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे. आम्हाला वाटतं, आपल्या या मुकाट्याने लंगडण्यात थोडा तो हट्ट असतो, आणि थोडा "माझ्यावाचून घराचं अडतं" हा मानही. (हे वाचून काही जणींना राग येईल. येऊ द्या.)

शिवाय सगळंच महाग नाही. तळव्याखालचा जाड पट्टा ताणला गेला की अशी टाच दुखते. कडक फरशीवर तासन् तास उभं राहणं, पातळ चपला, वाढलेलं वजन ही नेहमीची कारणं. बहुतेकींचं काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं होतं. उठण्याआधी पंजाला टॉवेल अडकवून पाय सरळ ठेवून ताणायचा, पोटऱ्या ताणायच्या, बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा, घरातही मऊ चप्पल घालायची. मेडिकलवरून आणून रोज वेदनाशामक गोळ्या मात्र खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो. आणि शुगर असेल, पायाला मुंग्या-बधिरपणा असेल, जखम किंवा सूज असेल, तर घरचे उपाय करत बसूच नका. पाय गरम पाण्यात बुडवू नका, भाजलेलं कळत नाही. सरळ एम.वाय.च्या ओपीडीत जा. रांग मोठी असते, सोबत पाहिजे तर आम्ही येऊ.

आता खरा पेच. अन्नदानाच्या पेटीतून सेवेकऱ्यांच्या औषधपाण्याला पैसे द्यावेत का, यावर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणतो, ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला लागलं पाहिजे, नाहीतर देणाऱ्याचा विश्वास मोडतो. हे आम्हालाही पटतं. दुसरा म्हणतो, अन्न शिजवणारी उभी राहू शकली नाही तर अन्नदान कुठलं? म्हणून पेटीला हात न लावता वेगळी गुल्लक ठेवली आहे. कुणी टाकलं, कुणी घेतलं, लिहायचं नाही.

पहिल्या महिन्यात टाकणाऱ्या पुष्कळ, घेणारी एकही नाही. देताना हात सैल आणि घेताना आखडता, हे कसं सोडवायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. तोवर पोळ्यांच्या ओट्यापाशी चार उंच स्टूल आणि जाड रबरी चटया टाकल्या आहेत. बसून लाटलेली पोळीही गोलच होते. स्वयंपाकघरासाठी वेगळी, धुतलेली मऊ चप्पल चालेल, असंही ठरलं आहे. ज्यांचा याला विरोध आहे त्यांनी गुरुवारी आरतीनंतर थांबावं, बोलू.