शास्त्रवादातील प्रामाणिकपणा

गोरेगाव येथील उपदेशक बंधू आम्हांस विचारतात की, समोरचा मनुष्य आपलेच शास्त्र हाती घेऊन त्याचा निराळा अर्थ करू लागला, तर आपण कसे वागावे? या प्रश्नास आमच्या कोकणपट्टीतील एक जुनी हकीकत उपयोगी पडेल.

कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत, व शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस 'शनवार तेली' हे नाव पडले. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपले पहिले सभास्थान बांधिले. तरी इब्री भाषेचे ज्ञान त्यांच्यात फारच थोडे उरले होते. पुढे अमेरिकन मराठी मिशनने त्यांच्या मुलांस शिक्षण दिले, आणि रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापिले. मूळ शास्त्र वाचून हे लोक येशूस मसीहा मानतील, अशी मिशनरींची आशा होती. परंतु ख्रिस्ताकडे आले ते थोडेच. बहुतेकांनी त्याच विद्येच्या बळावर आपला धर्म अधिक घट्ट धरिला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (जन्म १८३४) या विद्वानाने तर यहूदी प्रार्थना मराठीत आणिल्या.

वाद कोठे पडे, याचे एक उदाहरण घ्या. यशयाच्या सातव्या अध्यायात पुत्र प्रसवणाऱ्या स्त्रीस 'आल्मा' म्हटले आहे. यहूदी पंडित म्हणतात की, या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री इतकाच, व ते चिन्ह आहाज राजाच्या काळापुरते होते. उलटपक्षी, ख्रिस्तापूर्वी यहूद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात 'कुमारी' असा शब्द आहे, व मत्तयाने तोच घेतला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो उपदेशक त्यांतील एक लपवून दुसरीच सांगतो, तो सत्याच्या प्रभूची सेवा असत्याने करू पाहतो. आमचा विश्वास प्रभूचे मरण व पुनरुत्थान यांवर उभा आहे; एका शब्दाच्या ओढाताणीवर नव्हे.

मग विल्सन यांचे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास आपण दिवा दिला, त्याने आपण दाखवू तेवढेच पाहावे, असा हट्ट धरिता येत नाही. बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले, म्हणून त्यांची प्रशंसा झाली. जो अधिकार आम्ही स्वतःसाठी मागतो, तो प्रतिपक्षास नाकारणे न्याय्य नव्हे. शिवाय यहूद्यांनी जपले नसते, तर जुना करार आम्हांस मिळता कोठून? रानटी जैतुनाच्या कलम केलेल्या फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये, हा पौलाचा इशारा रोमकरांप्रमाणे आम्हांसही आहे.

यास्तव, बंधूंनो, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्यास मान्य होईल अशा शब्दांत मांडा. मग आपली साक्ष निर्भयपणे द्या. मन पालटविणे देवाकडे आहे. खरे बोलणे मात्र आपणांकडे आहे. त्यासाठी तो आपणां सर्वांस धैर्य व नम्रता देवो.