‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ : ख्रिस्ती श्रद्धेतील निश्चिंतीचा प्रश्न

मराठीत ‘काळजी’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो आणि दोन वेगळ्या नैतिक स्थिती सुचवितो. काळजी ‘करणारा’ स्वतःच्या मनात अडकलेला असतो. काळजी ‘घेणारा’ दुसऱ्याकडे वळलेला असतो. पहिल्याला आपण धीर देतो, दुसऱ्याचे ऋण मानतो. तरीही नाम एकच आहे. ज्याला कोणाचीच काळजी वाटत नाही तो कोणाची काळजी घेईल, अशी शंकाही या एकाच नामात दडलेली आहे. ख्रिस्ती श्रद्धा माणसाला चिंतेतून सोडविते, या विधानाचा विचार करताना ही शंका बाजूला सारता येत नाही. श्रद्धेने पहिली काळजी जाते तेव्हा दुसरीचे काय होते?

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही हीच अडचण आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल कशाचीही चिंता करू नये असे बजावतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र तो तीमथ्याची वाखाणणी करतो, ती त्याला फिलिप्पैकरांविषयी मनापासून काळजी आहे म्हणून. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज ग्रासते असे पौल सांगतो, तेही याच धातूपासून आलेल्या नामाने. म्हणजे ज्याने चिंतेचा निषेध केला त्यानेच ती आपल्या सेवेचे लक्षण म्हणून मिरविली. हा विसंगतीचा दोष मानण्याचे कारण नाही. निषेध भावनेचा नसून तिच्या दिशेचा आहे, असे येथे म्हणावे लागते.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रसिद्ध उताराही वाटतो तितका सोपा नाही. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत. रानातली फुले कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत. यांतील पहिली कामे त्या समाजात मुख्यतः पुरुषांची, कातणे स्त्रियांचे. दोघांनाही उद्याच्या भयातून मोकळे केले जाते, परंतु पेरणी आणि कातणे थांबवा असे कोठेही म्हटलेले नाही. पाखराला खायला मिळते हे खरे, पण तेही दिवसभर दाणे टिपीत हिंडतेच. शिवाय त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात चिमणी जमिनीवर पडते. ती पित्याला वगळून पडत नाही एवढेच आश्वासन आहे. ती पडणारच नाही असे नाही. हा अध्याय विसरून सहावा वाचणारी श्रद्धा भाबडी ठरते, आणि उपदेशकांच्या प्रवचनांत ती बहुधा तशीच आढळते.

किर्केगार्दने १८४९ साली याच फुलापाखरांवर तीन प्रवचने लिहिली आणि त्यांच्याकडून मौन, आज्ञापालन व आनंद शिकावा असे प्रतिपादिले. विवेचन खोल आहे, यात वाद नाही. परंतु ते एका अविवाहित, वडिलोपार्जित संपत्तीवर राहणाऱ्या माणसाचे विवेचन आहे. त्याच्या पाखराला घरटे नाही. घरट्यातल्या पिलांनी चोची उघडल्या म्हणजे मौनाचे काय होते, हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही.

तो उभा राहतो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. हे पुस्तक ईश्वरशास्त्राच्या अभ्यासकांनी फारसे हाताळलेले नाही. मराठी समीक्षेने त्याचा प्रांजळपणा आणि विनोद गौरविला व तेथेच ती बहुतांशी थांबली. वास्तविक श्रद्धा आणि चिंता यांच्या संबंधाविषयी मराठीत इतके निर्भीड लेखन दुसरे क्वचितच असेल. नारायण वामन टिळक हे स्वभावतःच पाखरू होते. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकावा, न सांगता घराबाहेर पडावे, उद्याचा विचार करू नये, ही वृत्ती त्यांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्याच्या आधीपासूनचीच. ख्रिस्ती श्रद्धेने तिला अर्थ दिला, अधिष्ठान दिले. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो या निश्चिंतीचा कळस होय. मात्र टिळकांनी सोडलेली चिंता नाहीशी होत नव्हती. ती लक्ष्मीबाईंकडे येत होती. पाहुण्यांचे, आश्रितांचे, पोरक्या मुलांचे पान कोणीतरी वाढायचे होते, त्यासाठी पीठ कोणीतरी मोजायचे होते. देवावर भार टाकला असे पतीने म्हणावे आणि तो भार पत्नीने उचलावा, अशी ही घरगुती व्यवस्था होती. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या चिंतेवर पोसली जात असेल तर ती श्रद्धा म्हणावी काय?

‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नाचे उत्तर टिळकांना आरोपी करून देत नाही, हे महत्त्वाचे. लक्ष्मीबाई रागावतात, भांडतात, हसतात आणि हे सारे लिहितात. त्यांची स्वतःची वाट पतीच्या वाटेपेक्षा वेगळी होती. त्यांचे बालपण वडिलांच्या विलक्षण सोवळ्याच्या छायेत गेले. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर फाशीचा आघात झाला आणि त्यानंतर वडिलांना विटाळाच्या भयाने पछाडले. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्यावाचून चालेना. चिंता धर्माचे रूप घेऊन घरात वावरते ती अशी. जग अशुद्ध आहे आणि ते सतत आपल्यावर चालून येत आहे, ही भावना आचारांच्या कडक बंधनांनी शमत नाही, उलट वाढते. लक्ष्मीबाईंनीही हे सोवळे दीर्घकाळ पाळले, पती ख्रिस्ती झाल्यावर तर अधिक निकराने. त्यातून त्या सुटल्या त्या बाप्तिस्म्याने नव्हे. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, या स्वतःच्या विचाराने निर्माण झालेल्या निश्चयाने सुटल्या. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय आधी झाला, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार मागाहून. येथे श्रद्धेने भय घालविले असे म्हणण्यापेक्षा भय गेल्यामुळे श्रद्धेला जागा मिळाली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. रूढ साक्षनिवेदनांचा क्रम याच्या नेमका उलट असतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून कठोर आहे. त्यांच्या आईवडिलांनी देवावर भरवसा ठेवून तीर्थयात्रांत आणि दानधर्मात सर्वस्व घालविले, आणि दुष्काळातील उपासमारीत त्यांचा अंत झाला. रमाबाई या अनुभवाचा अर्थ जुन्या धर्माविरुद्ध लावतात. परंतु समीक्षकाने तो तसाच स्वीकारण्याचे कारण नाही, कारण दुष्काळ ख्रिस्ती माणसालाही वगळीत नाही. लक्षणीय आहे ते त्यांनी पुढे काय केले हे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचा आदर्श त्यांना प्रिय होता. कोणाकडे न मागता प्रार्थनेवर अनाथालय चालविणारा तो माणूस. मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमार झालेल्या मुली केडगावला आणल्यावर रमाबाईंनी प्रार्थनेसोबत विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना कामे शिकविली. पेरणारी, कापणारी, कोठार भरणारी ही श्रद्धा आहे. उपासमारीतून वाचलेली स्त्री धान्याच्या बाबतीत बेफिकीर राहू शकत नव्हती. तिची निश्चिंती एवढीच, की कोठार आता केवळ स्वतःचे नव्हते.

मत्तयाच्याच सव्विसाव्या अध्यायात, गेथशेमानेच्या बागेत, चिंता करू नका असे सांगणारा स्वतः व्याकूळ होतो आणि शिष्यांना आपल्यासोबत जागे राहण्याची विनंती करतो. ते झोपी जातात. निश्चिंत झोपेची ही शुभवर्तमानातील सर्वांत लाजिरवाणी प्रतिमा असावी.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ते पुढे नेऊन पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी आपल्याकडे घेतले. जिला एके काळी अक्षरांची जेमतेम ओळख होती, तिने पतीच्या अपुऱ्या ओव्यांचा भारही, घरातल्या इतर गोष्टींप्रमाणेच, न मागता उचलला.