निबंधाला वाचक हवा

शाळेत लिहिलेल्या निबंधाला वाचक एकच, आणि तोही गुण द्यायला बसलेला. ‘माझा आवडता सण’ मुलं वर्षानुवर्षं लिहितात. बाई लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, खाली सही करतात, वही मिटते. त्या लिखाणातून कुणाला काही नवं कळावं अशी अपेक्षाच नसते. मुलाला हे फार लवकर उमगतं आणि ते गाइडातली वाक्यं उतरवू लागतं. लेखन शिकवायचं असेल तर आधी मुलाला खरा वाचक मिळवून दिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बंगळुरातल्या चामराजपेटेत ही गरज अधिकच जाणवते. १८९२ साली वसवलेल्या या पेठेत १९१५ साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद आहे. ‘सरस्वती’ मासिकाच्या संपादक आर. कल्याणम्मा यांनी १९३८ साली मुलांसाठी सुरू केलेलं ‘मक्कळ कूट’ही इथलंच. कन्नड लिहिणाऱ्याला इथे भाषेचं भक्कम पाठबळ आहे. इथल्या मराठी घरातलं मूल मात्र शाळेत कन्नड-इंग्रजी लिहितं आणि मराठी फक्त बोलतं. आई-आजोबा अक्षर गिरवून घेतात, पण लिहायचं कुणासाठी, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला एका शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. सेलेस्तँ फ्रेने हा फ्रान्सच्या बार-सुर-लू गावातला प्राथमिक शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती. फार वेळ बोलून शिकवणं त्याला झेपेना. १९२४ साली त्याने वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या मनाने लिहीत, त्यातला एक मजकूर वर्गच निवडे, सगळे मिळून तो दुरुस्त करत आणि खिळे जुळवून छापत. छापलेले कागद दूर ब्रिटनीमधल्या त्रेगंकच्या शाळेत जात आणि तिथल्या मुलांचं लेखन इकडे येई. शुद्धलेखनाला त्यामुळे कारण मिळालं: अनोळखी मुलाला आपलं म्हणणं कळायला हवं.

त्याच सुमारास आपल्याकडे अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत होते. मुलं रोज ते वाचत. शिक्षक स्वतः लिहितो, हे मुलांनी पाहणं ही लेखनाची पहिली शिकवण. आपल्या शाळांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं याच वाटेवरची. पुढे त्यात निवडक मुलांचेच सुबक लेख लागू लागले, आणि बाकीचा वर्ग नुसता प्रेक्षक झाला.

आज ब्लॉगमुळे हे काम विनाखर्च करता येतं. समजा, चामराजपेटेतल्या एका मुलीने शेजारच्या बसवनगुडीत कार्तिकात भरणाऱ्या कडलेकाई परिषेबद्दल, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेबद्दल, लिहिलं: ‘आम्ही जत्रेला गेलो. खूप मजा आली.’ वहीत याला दहापैकी सहा गुण मिळाले असते. मिरजेची आजी मात्र विचारते, ‘शेंगा ओल्या होत्या की भाजलेल्या? किलोने देतात की मापाने? विकणारे कुठून येतात?’ आता मुलीला पुन्हा जाऊन पाहावं लागतं, विक्रेत्याशी कन्नडमध्ये बोलावं लागतं आणि ऐकलेलं मराठीत मांडावं लागतं. निरीक्षण, दोन भाषा आणि पुनर्लेखन, तिन्ही गोष्टी आजीच्या प्रश्नांतून साधतात.

मात्र साधन आलं म्हणून शिक्षण आपोआप होत नाही. मुलांचं लेखन पूर्ण नाव-पत्त्यासह जगापुढे टाकू नये. वर्ग, पालक आणि एखादी मित्रशाळा एवढं वर्तुळ पुरतं. प्रत्येक मुलाची पाळी यावी. वाचकाने शाबासकीवर न थांबता निदान एक प्रश्न विचारावा, आणि मुलाने त्या प्रश्नाला धरून मजकूर पुन्हा लिहावा. शुद्धलेखनाची दुरुस्ती अर्थ बसल्यानंतर व्हावी. या लेखनाला गुण तर देऊच नयेत. गुण आले की मूल पुन्हा परीक्षकासाठी लिहू लागेल.

परप्रांतातल्या मराठी मंडळांनी हे काम अंगावर घ्यावं. गणेशोत्सवात मुलांकडून श्लोक म्हणवून घेतो, तशीच दर महिन्याला त्यांची एक-दोन पानं महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेकडे धाडावीत आणि तिथली मागवावीत. बंगळूरचं मूल आणि मिरजेचं मूल एकमेकांना प्रश्न विचारू लागलं, की मराठी त्यांच्यासाठी कामाची भाषा होईल. कामाची भाषा मुलं टाकून देत नाहीत.