घर कोणी सोडले?

नोकरी सोडून दुसरीकडे जाणाऱ्या माणसाविषयी आपल्या बोलण्यात चांगले शब्द फारसे नाहीत. जो राहिला तो खाल्ल्या मिठाला जागला. जो गेला तो फुटला, किंवा चार पैशांसाठी गेला. त्यातून तो मोठ्या पेढीतून लहान पेढीत गेला असेल तर लोकांना कोडेच पडते. पैशासाठी गेला म्हणावे तर तसे दिसत नाही; मग तिथे त्याचे कोणाशी तरी बिनसले असणार, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. मिठाचा हा हिशेब कितपत खरा आहे, हे एका दूरच्या धंद्यातल्या माणसाच्या निमित्ताने तपासून पाहावेसे वाटते.

माणसाचे नाव अँड्र्यू जोन्स. हा इंग्रज, धंद्याने लाउडस्पीकर रचणारा इंजिनिअर. लाउडस्पीकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा उभा राहतो. तो इथे अभिप्रेत नाही. खोलीत बसून गाणे ऐकावे आणि गाणारा समोर बसला आहे असा भास व्हावा, यासाठी केलेली लाकडी पेटी, इतकाच इथे अर्थ. जोन्सने १९८०च्या दशकात इंग्लंडातल्या केईएफ या पेढीत काम केले, मग अमेरिकेत इन्फिनिटीत. १९९७ पासून तो पायोनियर या बलाढ्य जपानी कंपनीत होता. तिथे त्याने जोडीला पन्नास हजार डॉलरच्या वर किंमत पडेल अशी 'टॅड रेफरन्स वन' रचली, आणि जोडीला सुमारे १३० डॉलरला मिळणारी छोटी पेटीही रचली. दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे होते, असे ज्याला वाटते त्याने कधी काटकसरीने संसार केलेला नसावा. २०१५ साली तो एलॅक या त्यामानाने फार लहान जर्मन पेढीत गेला. नंतर तेही सोडून मोफाय इलेक्ट्रॉनिक्स या आणखी लहान अमेरिकन पेढीत गेला, आणि २०२२ साली तिच्या नावाने 'सोर्सपॉइंट १०' ही त्याची पेटी बाजारात आली.

आता या माणसाने जाताना बरोबर काय नेले, हा खरा प्रश्न. त्यासाठी थोडे यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे. साध्या पेटीत खर्ज एका शंकूतून येतो आणि टीप दुसऱ्या, लहान अवयवातून. दोन्हींच्या जागा वेगळ्या. त्यामुळे ऐकणाऱ्याने मान हलवली, उठून उभा राहिला, की आवाजाचा रंग बदलतो. यावर उपाय म्हणजे लहान अवयव मोठ्या शंकूच्या गळ्यातच बसवायचा, म्हणजे सारा आवाज एका बिंदूतून आल्यासारखा होतो. ही कल्पना जुनी. अमेरिकेत आल्टेकने १९४३ साली आणि इंग्लंडात टॅनॉयने १९४७ साली ती आपापल्या परीने वापरली होती. अडचण होती ती लोहचुंबकाच्या आकाराची. १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले, लहान आणि तरीही जोरदार. आणि १९८८ साली केईएफने लहान अवयव मोठ्या शंकूच्या तारेच्या वेटोळ्यातच बसवून दाखवला. त्याला त्यांनी 'युनि-क्यू' असे नाव दिले. लॉरी फिंचम हा त्या वेळी तिथला प्रमुख अभियंता, आणि जोन्स त्याच्या हाताखालच्या मंडळींपैकी.

पुढे जोन्सने टॅडसाठी, एलॅकसाठी आणि मोफायसाठी ज्या नामांकित पेट्या रचल्या त्यांत हीच जात पुनःपुन्हा दिसते: एका शंकूच्या गळ्यात बसलेला दुसरा अवयव. मग त्याने घरातले दागिने नेले म्हणायचे काय? कायद्याचे उत्तर सोपे आहे. पेटंट पेढीचे, आणि त्याची मुदतही संपते. नकाशे पेढीच्या कपाटात राहतात. परंतु मोठा शंकू हलत असताना त्याच्यासमोरून जाणाऱ्या बारीक लहरीचे काय होते, त्याची कड कुठे नडते, ही समज कपाटात ठेवून जाता येत नाही. किंबहुना सर्वांत मौल्यवान गोष्ट कोणत्याच कागदावर नसते, ती म्हणजे काय केले असता फसले. फसलेल्या प्रयोगांचे पेटंट कोणी घेत नाही. त्यांचा खर्च मात्र घराने सोसलेला असतो, आणि त्यांतून आलेले शहाणपण माणूस बरोबर घेऊन जातो. तेव्हा ऋण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न इतकाच, की ते कोणाचे?

घराचे, असे म्हणावे, तर ते घर कुठे आहे ते आधी पाहावे. १९९२ साली केईएफ हाँगकाँगच्या गोल्ड पीकने घेतली. पुढच्याच वर्षी फिंचम तिथून गेला. २०१५ साली पायोनियरने आपला घरगुती ध्वनियंत्रांचा धंदा ओंक्योकडे सोपवला, आणि ओंक्योच्या त्या धंद्याचे २०२२ साली दिवाळे निघाले. मागे गेले तरी हेच. व्हार्फडेल ही नावाजलेली पेढी १९५८ साली रँकने विकत घेतली. तिथला तंत्रप्रमुख रेमंड कुक बाहेर पडला आणि १९६१ साली मेडस्टोनजवळ टोव्हिल इथे त्याने स्वतःची पेढी काढली. तीच केईएफ! म्हणजे ज्या घराच्या मिठाची आपण चर्चा करतो आहोत ते घरच मुळी कोणीतरी घर सोडल्यामुळे उभे राहिले. मालक विकून मोकळा झाला तर तो व्यवहार, आणि नोकर गेला तर ती कृतघ्नता, हा न्याय मला तरी एकतर्फी वाटतो. प्रत्येक बाबतीत विक्रीमुळेच माणूस गेला, असे माझे म्हणणे नाही. माणसाच्या मनातले तो जाणे. परंतु ज्याच्याशी एकनिष्ठ राहायचे ते आधीच जागेवर नसते, हे मात्र पुष्कळदा घडलेले दिसते.

या धंद्यात याहून क्रूर गोष्टही घडली आहे. जेम्स बी. लॅन्सिंगची पेढी अडचणीत आली आणि १९४१ साली ती आल्टेकने घेतली. पाच वर्षांचा करार संपताच, १९४६ साली, तो बाहेर पडला आणि आपल्या आडनावाने नवी पेढी काढली. आल्टेकने हरकत घेतली, कारण ते आडनाव आता तिच्या मालावर होते. शेवटी पूर्ण नाव लावून तडजोड झाली. पैशाच्या विवंचनेत असलेल्या त्या माणसाने १९४९ साली आत्महत्या केली. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे, जेबीएल, पुढे जगभर गेली. ज्या समूहात ती होती तो २०१७ साली सॅमसंगने घेतला. समज माणसाबरोबर जाते, पण नाव मात्र विकले जाऊ शकते!

तथापि एवढ्यावर जोन्ससारख्याला निर्दोष ठरवून उठणे मला पटत नाही. हा युक्तिवाद जाणाऱ्याला फार सोयीचा आहे. जाण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. ज्याचे नाव झाले त्याला दुसरे दार उघडे असते. वेटोळी गुंडाळणाऱ्या, मोजमापे लिहून घेणाऱ्या, चुकलेला शंकू पुन्हा ओतणाऱ्या माणसाला नवा मालक येवो की जुना जावो, तिथेच राहावे लागते. फसलेल्या प्रयोगांत त्याचे हातही होते. ऋण आहे ते या लोकांचे.

ते फेडायचे कसे, यासाठी आपल्या गवयांचा एक रिवाज आठवतो. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. एका घराण्यातून दुसऱ्यात जाताना आधीच्या ताना परत करा, असे कोणी म्हटले असते तर हसू झाले असते. पण गवई उस्तादाचे नाव घेतो तेव्हा कानाची पाळी धरतो. देणे तेवढेच, आणि ते चारचौघांत द्यावे लागते. बाजाराची रीत याच्या अगदी उलट. नव्या पेढीच्या जाहिरातीत जुन्या घराचे नाव आलेच तर येते ते आमच्या माणसाची प्रतिष्ठा वाढवायला. आणि जुनी पेढीही राहिलेल्यांची नावे कधी छापत नाही.

मोठ्या घरात मोजमापाची दालने असतात, शंकू ओतण्याची यंत्रे असतात, आणि 'हो' म्हणवून घ्यायला दहा सह्या लागतात. लहान घरात यंत्रे बाहेरची, पण 'हो' म्हणणारा माणूस शेजारच्याच खोलीत असतो. तेव्हा लहान घरात गेलेल्या नामवंताला जी गोष्ट मोठ्या घरात करता आली नाही ती इथे करता येण्याजोगी आहे. सिनेमाच्या शेवटी दिवे धरणाऱ्याचेही नाव येते. लाउडस्पीकरच्या पाठीमागे, तारा जोडायच्या जागी, एक पट्टी असते. तिच्यावर ओहम आणि वॉट यांचे आकडे असतात, आणि त्यांच्याखाली जागा पुष्कळ मोकळी असते.