देहसुखाची जाणीव

आपल्या मंडळ्यांत एखाद्या उपदेशकाची स्तुति करावयाची झाली म्हणजे "त्यांस कांहीं लागत नाहीं" असें म्हणण्याची चाल आहे. ते भुईवर निजतात, त्यांस शिळी भाकर चालते, थंडींतही ते गार पाण्यानें स्नान करितात. मग असा गृहस्थ अध्यात्मांतही पुढें गेलेला असावा असें आपण धरून चालतों. याउलट ज्यास मऊ अंथरूण, ऊन पाणी व गरम कालवण लागतें, त्याविषयीं आपण हंसून म्हणतों कीं, हा देहाचे लाड करणारा. प्रिय वाचकहो, हा न्याय बरोबर आहे काय?

आम्ही स्वतः पहिल्या वर्गांतले. सेमिनरींत असतां उशीवांचून निजण्याचा आम्हांस अभिमान होता, व तो आम्हीं पुढेंही पुष्कळ वर्षें बाळगिला. आमचे वडील शेवटच्या दुखण्यांत असतां आम्ही आठ दिवस त्यांच्या उशाशीं बसलों होतों. शास्त्र वाचलें, प्रार्थना केली, औषध वेळेवर पाजलें. त्यांची वाचा गेली होती. नवव्या दिवशीं सकाळीं शेजारची एक म्हातारी समाचारास आली. ही बाई गांवांत सुखाची लोभी म्हणून प्रसिद्ध होती. हिंवाळ्यांत उन्हाची जागा सर्वांच्या आधीं तीच धरी, आणि पंगतींत भाकर करपलेली आली तर तसें बोलून दाखवी. ती उंबऱ्यांत उभी राहिली, क्षणभर वडिलांकडे पाहिलें, आणि म्हणाली, "अरे बाळा, त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय कीं!"

तिनें आमच्याकडून खाट फिरवून घेतली, गोधडीची घडी करून गुडघ्यांखालीं दिली, अंथरुणांतले भाकरीचे कण झाडले. वडिलांच्या कपाळावरची आंठी गेली. ती आंठी आम्ही आठ दिवस दुखण्याची समजत होतों! कौलांतून येणारी ती तिरीप रोज सकाळीं त्यांच्या तोंडावर पडत होती, आणि आम्हांस ती दिसली नाहीं. कारण आमच्या स्वतःच्या डोळ्यांवर पडती, तरी आम्हीं ती मोजली नसती. ज्या कठोरपणास आम्ही सद्‌गुण समजत होतों, त्यानें आम्हांस बापाच्या खाटेजवळ आंधळें करून बसविलें होतें.

विल्यम शेल्डन नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९४२ सालीं मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दोनशें तरुणांची पाहणी करून त्यानें स्वभावाचे तीन घटक ठरविले, व प्रत्येकाचीं वीस वीस लक्षणें दिलीं. पहिल्या घटकास त्यानें पोटांतील आंतड्यांवरून 'व्हिसेरोटोनिया' असें नांव दिलें. त्याच्या यादींत अंगाचा सैलपणा, देहसुखाची आवड, खाण्याची आवड व गाढ झोंप हीं लक्षणें आहेत. तशींच चारचौघांत बसून जेवण्याची आवड, सर्वांशीं गोडीनें वागणें, व संकटांत माणसें जवळ हवींशीं वाटणें हींही आहेत. हा स्वभाव गोल, मऊ शरीराबरोबर येतो असें त्याचें मत होतें. परंतु शरीरें पारखणारा तोच व स्वभावास गुण देणाराही तोच, म्हणून पुढील शास्त्रज्ञांनीं त्यावर फारसा भरंवसा ठेविला नाहीं, व तें योग्यच झालें. (आमची म्हातारी काडीसारखी बारीक होती.) तथापि ऊबेची आवड व माणसांची आवड हीं एकाच यादींत शेजारीं शेजारीं आलीं, हें आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत शुश्रूषेस गेल्या. शुश्रूषेवर त्यांनीं १८५९ सालीं लिहिलेलें पुस्तक वाचूं लागलें म्हणजे आश्चर्य वाटतें. त्यांत हवा, उजेड, अंथरूण व आवाज यांचीच चर्चा फार. दाराबाहेरची कुजबूज, वस्त्रांची सळसळ, न खाल्लेलें अन्न रोग्याजवळ तसेंच ठेवणें, पडल्या पडल्या त्याच त्या भिंती पाहात राहणें, यांनीं रोगी कसा थकतो हें त्यांनीं बारकाईनें सांगितलें आहे. ज्यास स्वतःस कुजबुजीचा त्रास कधीं झालाच नाहीं, त्याला हें लिहितां आलें असतें काय? क्रिमियाहून परतल्यावर त्या स्वतः पुष्कळ काळ आजारी होत्या.

परंतु कोणी यावरून आपली गादी आणखी जाड करूं लागेल, म्हणून हेंही सांगितलें पाहिजे. लूकाच्या सोळाव्या अध्यायांतील श्रीमंत मनुष्यास तलम वस्त्राचा स्पर्श चांगला कळत होता. त्याच्याच दरवाजाशीं लाजर फोडांनीं भरून पडला होता. तेथें मात्र त्याची कातडी बहिरी होती. पुढें स्वतःची जीभ कोरडी पडली, तेव्हां त्यास तहान म्हणजे काय तें कळलें, आणि त्यानें मागितलें तें केवळ बोट बुडवून आणलेलें पाणी. त्याची जाणीव दाराच्या आंतच संपत होती. म्हातारीची तशी नव्हती, जरी उन्हाची जागा ती कोणास सोडीत नसे. तो तिचा दोष होता आणि शेवटपर्यंत राहिला.

वादळांत प्रभु मचव्यांत निजले होते ही गोष्ट मत्तय व लूक दोघेही सांगतात. मार्क मात्र आणखी सांगतो कीं, त्यांच्या डोक्याखालीं उशी होती. ती कोणी दिली हें लिहिलेलें नाहीं. दिवसभर बोलून त्यांची मान अवघडली असेल हें मचव्यावरच्या एखाद्या कोळ्यास दिसलें असेल, असें आपलें आम्हांस वाटतें.

आतां आम्ही आजाऱ्याकडे जातों तेव्हां पुस्तक उघडण्यापूर्वीं उजेड कोठून येतो तें पाहतों, व अंथरुणावरून हात फिरवितों. पुष्कळदां तेंही विसरतों. मागल्या महिन्यांत एका घरीं आमची प्रार्थना बरीच लांबली. "आमेन" म्हटल्यावर खाटेवरचा गृहस्थ हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, आपला गुडघा माझ्या गोधडीवर आहे, पाय ओढून घेतां येत नव्हता."