खंड

बावीस वर्षांनी मी कराटेच्या वर्गात परत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला तो पट्ट्याचा. ठाकुर्लीतल्या एका शाळेचा हॉल, भिंतीकडेला रचलेले बाक, फरशीवर वीसेक पोरं, आणि शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान. ‘‘आधी कुठला बेल्ट होता, काका?’’ मी म्हटलं, ब्राऊन. म्हणताना छाती जरा पुढे आली असावी, कारण त्या हसल्या. ‘‘आज काही बांधू नका. बघू या, काय काय येतंय.’’

काय काय येतंय! मराठीत कसब आपण बाळगत नाही, ते आपल्याला ‘येतं’. मला पोहता येतं, तिला भाकरी थापता येते. येणारं कधीतरी यायचं थांबतं, हेही त्या क्रियापदात आहेच. पण ते ऐकू येऊ नये अशी आपली सोय असते. एकदा सायकल आली की आली, म्हणतो आणि मोकळे होतो. शाळेत टिळकांची गोष्टही याच सुरात ऐकलेली: डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी शरीर कमावलं आणि ती कमाई जन्मभर पुरली. जणू मुदत ठेवच. त्याच टिळकांना मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाशी झगडावं लागलं, हे त्या धड्यात नव्हतं. कॉलेजात असताना मीही अशीच एक ठेव ठेवली होती, आणि मधल्या वर्षांत तिच्यावर व्याज चढतंय असं खुशाल धरून चाललो होतो.

पट्ट्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. दर्जा पट्ट्यावर दाखवायची पद्धत मुळात ज्युदोची, म्हणजे १८८२ साली ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंची. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले, तिथे कराटे रुजवलं, आणि ही पद्धत कानोंकडून उचलली. पद्धत चांगली, पण एकतर्फी. पट्टा चढतो, उतरायची त्यात सोय नाही.

‘हेइयान शोदान’ हा अगदी पहिला काता, म्हणजे एकट्यानं ठरल्या क्रमानं करायच्या एकवीस हालचाली. मॅडम म्हणाल्या, करून दाखवा. डावीकडे वळून गेदान बाराई, म्हणजे खाली अडवायचा हात, पुढे सरकून ठोसा, मागे फिरून पुन्हा बाराई. गंमत म्हणजे क्रम पूर्ण आला. डोक्याला पुढचं पाऊल आठवायच्या आत पाय तिथे गेलेले असायचे. अंगवळणी पडणं म्हणजे हेच, असं मनात म्हणतोय तोवर आवाज आला, ‘‘खांदे खाली.’’ मी खाली घेतले. दोन हालचालींनी पुन्हा, ‘‘काका, खांदे.’’ तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, मागून येऊन नुसते दाबले.

हे खांदे कुठून आले, ते मला घरी जाताना स्टेशनच्या पुलावर कळलं. फास्ट लोकल ठाकुर्लीला थांबत नाहीत. स्लो गाडी येते ती कल्याणहून भरून. काहीजण आधी उलटे कल्याणला जाऊन, सीट धरून ‘रिटर्न’ येतात. मला ते कधी जमलं नाही. बॅग छातीशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, खांदे कानांकडे, श्वास वरच्या वर: बावीस वर्षं, रोज दोनदा. इतक्या निष्ठेनं मी कराटे कधीच केलं नव्हतं. माझ्या सरावात खंड पडला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. अंगाला सुट्टी कुठे होती? ते दुसऱ्या वस्तादाकडे तालीम घेत होतं.

पुढच्या आठवड्यात जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला दहा वर्षांची एक मुलगी, वेणी घट्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तिनं ठोसा मारायचा, मी अडवायचा. ठोसा आला, माझ्या पोटावर टेकला, आणि मी नुसता बघत राहिलो. दुसराही तसाच. ती म्हणाली, ‘‘काका, तुम्ही डोळे मिटत नाही, भारी.’’ मग जरा थांबून, ‘‘पण अडवत पण नाही.’’ कराटेत दोघांमधलं अंतर हा अर्धा खेळ. कोणी त्या अंतराच्या आत शिरलं की अंग हललं पाहिजे. लोकलमध्ये अंतर शून्य. तिथे दर धक्क्याला दचकणारा माणूस टिकतच नाही, म्हणून ते दचकणं मी खपून खपून मोडलं होतं. मेहनतीनं कमावलेला गुणच म्हणायचा तो.

क्रम राहतो आणि समोरचा माणूस हरवतो, हे फक्त माझंच नसावं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार बाळगणं परवान्याचं काम झालं. लाठी, पट्टा, फरी-गदका यांचे हात कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ म्हणून जपले, आणि ते जपले म्हणूनच २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान देता आला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरताना पाहिला की काटा येतो. पण पट्टा फिरतो तो मोकळ्या रिंगणात, लोक मागे सरून जागा करून देतात. उणं काढायचं म्हणून हे म्हणत नाही. इतक्या लांब खंडातून एवढं सुखरूप आलं हेच पुष्कळ. मला मात्र त्या रिंगणात आता माझा काता दिसतो.

मी पुन्हा सुरू केल्याचं ऐकून डॉक्टर मित्रानं दिलेला सल्ला वेगळाच होता. दम काही आठवड्यांतच उतरतो, गेलेली ताकद त्या मानानं लवकर परत येते, आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सगळ्यांत सावकाश तयार होतात. म्हणजे महिन्याभरात मला वाटेल की जमतंय, आणि नेमकी तेव्हाच टाच धरेल. ‘‘पोरांशी बरोबरी करू नकोस,’’ तो म्हणाला. पोरं माझ्याशी बरोबरी करत नाहीत, ती मला सांभाळून घेतात, हे त्याला सांगितलं नाही.

रविवारी मॅडमनी बैठ्या पवित्र्यात वीस मिनिटं उभं केलं. सोमवारी सकाळच्या स्लो गाडीत ठाण्याला चक्क माझ्यासमोरची खिडकी रिकामी झाली. मांड्या वाकवून मी अर्ध्यात पोचेपर्यंत मागचा गृहस्थ बसून, पेपर उघडून, अग्रलेखाला लागला होता.