चाचणीचा कागद आणि माणसाची साक्ष

दुखणें आणि दुखण्याचा पुरावा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें विधान इतकें उघड आहे कीं, त्यासाठीं लेखणी उचलण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. परंतु उघड सत्यें तोंडपाठ असूनही आचरणांत येत नाहींत, हा जगाचा अनुभव आहे. आणि आमच्या बाबतींत तर हें सत्य अंगावर बेतल्यावांचून उमगलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत आमच्या कन्येकडे गेलों होतों. तिच्या परसाला लागूनच रान आहे, आणि रानांत हरणें आहेत. तेथील गोचीड आपल्याकडील गुरांच्या अंगावरील गोचिडीसारखी नजरेंत भरत नाहीं. तिचें पिलूं खसखशीच्या दाण्याएवढें असतें. तें चावल्याचें आम्हांस कळलेंच नाहीं. आठवड्याभरानें मांडीवर एक तांबडें वर्तुळ उमटलें आणि पसरूं लागलें. डॉक्टरीणबाईंनीं रक्त न तपासतांच, त्याच राज्यांतील एका गांवावरून नांव पडलेल्या 'लाइम' रोगाचें निदान केलें व डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. आपल्या सिंधुदुर्गांतील माकडतापही गोचिडीमुळेंच येतो. पण तो विषाणूचा ज्वर, आणि हा जंतूचा रोग. वर्तुळ मावळलें. मात्र पुण्यास परतल्यावर थकवा राहिला, गुडघे दुखूं लागले, आणि जन्मभर शिकविलेल्या विषयांतील साधे शब्द वर्गांत ऐन वेळीं आठवेनासे झाले.

गेल्या महिन्यांत पुन्हां तिकडे जाणें झालें, तेव्हां रक्त तपासून घेतलें. पहिली चाचणी होकारार्थी आली. आणि दुसऱ्या चाचणींत ज्या १० रेघांपैकीं निदान ५ दिसाव्या लागतात, त्यांपैकीं आमच्या रक्तांत ६ दिसल्या. कबूल करावयास लाज वाटते, पण तो कागद वाचून आम्हांस आनंद झाला. रोग असल्याचा आनंद! घरांतील कोणी आमच्यावर संशय घेतला होता असें नाहीं. तरीही 'मन रमवा', 'सकाळीं फिरावयास जात जा' ह्या प्रेमळ सूचनांच्या मागें एक न उच्चारलेला प्रश्न आम्हांस ऐकूं येत असे. त्याला आतां छापील उत्तर मिळालें, असें आम्ही समजलों.

बाईंनीं हा आनंद फार वेळ टिकूं दिला नाहीं. ही चाचणी जंतु शोधीत नाहीं. जंतूशीं लढण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिपिंडें शोधते. तीं, जंतु नष्ट झाल्यावरही, वर्षानुवर्षें रक्तांत राहूं शकतात. म्हणजे वाड्याच्या देवडीवरील वहींत पाहुणा आल्याची नोंद आहे. तो गेल्याची नोंद करण्याची तेथें चालच नाहीं. उलट, पहिल्या कांहीं आठवड्यांत प्रतिपिंडें पुरेशीं झालेलीं नसतात, तेव्हां रोग असूनही उत्तर नकारार्थी येऊं शकतें; म्हणूनच पहिल्या वेळीं त्यांनीं वर्तुळ पाहिलें, रक्त नव्हे. पांच रेघांचा नियमही निसर्गाचा नाहीं. निरोगी माणूस रोगी ठरूं नये म्हणून विचारपूर्वक आंखलेला, १९९५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला तो एक संकेत आहे. शिवाय कनेक्टिकटच्या रानांत वावरलेल्या माणसाच्या होकाराला जें वजन आहे, तें जेथें हा रोगच नाहीं तेथें जन्म काढलेल्याच्या होकाराला नाहीं.

'तर मग औषध पुन्हां द्या,' असें आम्ही म्हणालों. त्यांनीं नकार दिला. उपचारानंतरही ज्यांचा थकवा व वेदना राहतात अशा रुग्णांस सुमारें तीन महिने जंतुनाशक औषधें देऊन पाहिल्याचे प्रयोग अमेरिकेंत २००१ सालीं व हॉलंडमध्यें २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत पोकळ गोळ्या घेणाऱ्यांहून अधिक गुण कोणास आल्याचें दिसलें नाहीं. इतकें सांगून त्या म्हणाल्या, 'तुमचें दुखणें खरें आहे. तें कशानें होतें, हें मात्र हा कागद सांगूं शकत नाहीं.'

आमचा नैतिक प्रश्न ह्या दोन वाक्यांत आहे. कागद जेथें मुका, तेथें माणसाच्या शब्दाची किंमत काय? लाइम गांवचा इतिहास येथें बोलका आहे. पॉली मरे नांवाच्या गृहिणीच्या तक्रारी डॉक्टरांनीं वर्षानुवर्षें मनाचे खेळ म्हणून बाजूस सारल्या होत्या. तिनें घरच्या व शेजारच्या आजाऱ्यांचीं टिपणें ठेवलीं आणि १९७५ सालीं राज्याच्या आरोग्यखात्यास कळविलें. ॲलन स्टीअर यांनीं तपास आरंभिला. विली बर्गडॉर्फर यांचें नांव धारण करणारा जंतु १९८२ सालीं जगापुढें आला. म्हणजे जंतूचा पत्ता लागण्यापूर्वीं सात वर्षें त्या बाईची वही खरी होती. आधीं साक्ष, मग चाचणी, असा हा क्रम आहे.

परंतु साक्षीलाही मर्यादा आहे. 'मला दुखतें' ह्या विधानांत रोग्याचा शब्द अखेरचा. 'अमुक कारणानें दुखतें' ह्यांत नव्हे. हा भेद विसरणारा रोगी खात्री विकणाऱ्यांच्या दारीं जातो, आणि हाच भेद विसरणारा सुज्ञ माणूस निर्दय होतो.

ह्या दुसऱ्या वर्गांत आम्ही होतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. हजेरी भरत नव्हती. अंगांत त्राण राहत नाहीं, असें ती सांगत होती. तिनें आणलेल्या अहवालांत कोठेंच दोष नव्हता. 'मग तुला झालें आहे तरी काय?' असें आम्हीं विचारलें. तिनें कागदांची घडी घातली आणि ती निघून गेली. नियम आम्हांस मोडतां आला नसता, हें खरें. पण नियमानें आम्हांस तिला खोटी ठरवावयास सांगितलें नव्हतें. डॉक्टरीणबाईंचीं तीं दोन वाक्यें तेव्हांही म्हणतां आलीं असतीं.

आपल्यावर विश्वास ठेवला जावा म्हणून आपण रोगी ठरावें, अशी इच्छा कोणास करावी लागूं नये. आम्हांस ती करावी लागली. त्या मुलीनेंही ती केली असेल काय, हा विचार गुडघ्यांहून अधिक टोंचतो.